लेकीच्या घरचा मुक्काम आणि सरकारी मुदत
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यवाहांनी मजकडे व्याख्यानासाठी विषय मागितला, तेव्हा मी शिस्तीवर किंवा मुलांच्या वाचनावर काही बोलेन, अशी त्यांची समजूत असावी. सारा जन्म खडू हाती धरलेल्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करावयाची? परंतु आज आपल्यातील अनेक घरांतील मुलगा वा मुलगी अमेरिकेत स्थायिक झालेली आहे, आणि आईबाप सूटकेसमध्ये भाजणी व मेतकूट भरून त्यांजकडे जातात. त्या मुक्कामासंबंधी चार शब्द बोलणे मला अधिक अगत्याचे वाटले. मी मॅट्रिक झालेला शिक्षक आहे, कायद्याचा पंडित नव्हे. जे स्वतः अनुभविले आणि जे पुन्हा पुन्हा वाचून खात्री करून घेतली, तेवढेच सांगणार आहे.

माझे एक स्नेही व त्यांच्या पत्नी मे २०१४ मध्ये लेकीकडे गेले. व्हिसावर दहा वर्षांनंतरची तारीख होती. ती पाहून जावई म्हणाले, ‘‘बाबा, दहा वर्षे राहिलात तरी कोणी विचारणार नाही.’’ जावई मोठ्या पगारावर असल्यामुळे त्यांच्या शब्दावर शंका घेणे कोणाला सुचले नाही. उभयता तेरा महिने राहून जून २०१५ मध्ये परत आली. पुढल्या वर्षी लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी निघावयाचे, तर जुना व्हिसा केव्हाच रद्द झालेला आहे, असे त्यांना कळले. नव्यासाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला. परत आल्यापासून तीन वर्षे त्या देशात पाऊल ठेवता येणार नाही, असा निर्णय मिळाला. लेक पगारी बाईच्या हाताखाली बाळंत झाली, आणि बारसे आजीने टेलिफोनच्या पडद्यावर पाहिले. त्या माउलीने मला विचारले, ‘‘मास्तर, आम्ही काय चोरी केली हो?’’ मजजवळ उत्तर नव्हते.

चोरी कोणीच केली नव्हती. चूक झाली ती एका तारखेची. व्हिसावरील तारीख ही दारापर्यंत जाण्याची परवानगी होय. त्या तारखेपर्यंत आपण दारापाशी जाऊन आत घ्या म्हणावे, इतकाच तिचा अर्थ. आत किती दिवस राहावयाचे, हे विमानतळावरील अधिकारी ठरवितो. पाहुण्यांच्या बी-२ व्हिसावर तो बहुधा सहा महिने देतो, आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत लिहिली जाते. पूर्वी या नोंदीचा कागद पासपोर्टात टाचून देत असत. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांसाठी ती संगणकावर ठेवली जाते, आणि पासपोर्टावर शिक्का मारतीलच, असेही अलीकडे राहिलेले नाही. म्हणून लेकीच्या घरी पोचल्यावर चहा होताच तिला ही नोंद सरकारी संकेतस्थळावरून काढावयास सांगावी व तारीख स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. पासपोर्टाची मुदत लवकर संपत असेल, तर मुक्कामही तेवढाच मिळण्याचा संभव असतो.

आता मुदत वाढविण्याचे पाहू. आम्हां शिक्षकांना हे समजण्यास कठीण नाही. रजा संपल्यावर आठ दिवसांनी ‘रजा वाढवून मिळावी’ असा अर्ज धाडणाऱ्या शिक्षकाचे मुख्याध्यापक काय करीत, ते आपणांस ठाऊक आहे. तिकडेही नियम हाच. आय-५३९ या क्रमांकाचा अर्ज आय-९४ वरील तारखेच्या आत सरकारी कचेरीत पोचला पाहिजे. टपालात टाकल्याची तारीख धरीत नाहीत. किमान ४५ दिवस अगोदर अर्ज करावा, अशी तेथील खात्याचीच सूचना आहे. एका वेळी जास्तीत जास्त सहा महिन्यांची वाढ मिळते, आणि तीही हक्काने नव्हे.

आमच्यावर हा प्रसंग आला तो २०२० मध्ये. मी व सौभाग्यवती ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यू जर्सीतील एडिसन येथे मुलीकडे गेलो. मुक्काम ११ एप्रिलपर्यंतचा होता व परतीचे तिकीट २८ मार्चचे. करोनामुळे भारत सरकारने २२ मार्चपासून परदेशची प्रवासी विमाने बंद केली आणि आम्ही अडकलो. मुलगी म्हणाली, ‘‘सारे जगच बंद आहे, आता तारखा कोण पाहतो?’’ मला त्या स्नेह्यांच्या पत्नीचा प्रश्न आठवला. आम्ही त्याच आठवड्यात अर्ज भरावयास घेतला. त्या वेळी शुल्क ३७० डॉलर होते, शिवाय बोटांच्या ठशांसाठी माणशी ८५. दोघांचे मिळून ५४० डॉलर झाले. (पुढे हे दर बदलले; १ एप्रिल २०२४ पासून कागदी अर्जास ४७० व संगणकावरून केल्यास ४२० डॉलर ठरले. अर्ज करतेवेळचा दर स्वतः पाहून घ्यावा.) अर्जासोबत कारणाचे पत्र, रद्द झालेली तिकिटे, खर्चाची तरतूद, आणि आपण परत जाणार आहोत याचा पुरावा द्यावा लागतो. मी पेन्शनचे कागद व घरपट्टीची पावती लावली, आणि सातबाराही. तो मराठीत असल्यामुळे त्याचे इंग्रजी भाषांतर व भाषांतरकाराचे प्रमाणपत्र हवे होते. शेजारच्या एका मराठी भगिनीने ते करून दिले. ‘पोटखराबा’ या शब्दाला इंग्रजीत काय म्हणावे, यावर आमची अर्धी संध्याकाळ गेली.

अर्ज वेळेत पोचला व पोच मिळाली. निर्णय होईपर्यंतचे दिवस अशा वेळी बेकायदा धरीत नाहीत. मात्र अर्ज पडून आहे म्हणून कितीही राहावे, असे नाही. आपण मागितलेली तारीख येण्याच्या आत निघावे, हे शहाणपणाचे. नकार आला तर मुदत उलटून गेलेल्या माणसाचे बेकायदा दिवस दुसऱ्याच दिवसापासून मोजू लागतात. या दिवसांचा हिशेब कडक आहे. मुदत एक दिवसाने ओलांडली तरी तो व्हिसा बाद होतो. १८० दिवसांहून अधिक, पण वर्षाच्या आत, बेकायदा राहून परतल्यास तीन वर्षे बंदी. वर्ष वा त्याहून अधिक झाल्यास दहा वर्षे. १९९६ च्या कायद्याने ही बंदी घातलेली आहे. तीतून सूट मागता येते, परंतु ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. सत्तरीच्या माणसाला दहा वर्षांची बंदी म्हणजे काय, हे या सभागृहात मी फोड करून सांगावयास नको.

येथे एक बोलतो. तरुण मंडळींनी राग मानू नये. मुक्काम वाढवावयाचा तो पुष्कळदा आईबापांच्या इच्छेने नसतो. तिकडे पाळणाघर महाग आहे, आणि आजी फुकट मिळते. ‘‘आणखी चार महिने राहा ना’’ या शब्दांत माया असतेच, परंतु हिशेबही असतो. नातवंडे सांभाळावयाची आहेत, हे कारण अर्जात टिकणे कठीण, कारण अधिकारी त्यास पाहुणचार न समजता चाकरी समजण्याचा संभव असतो. शिवाय वारंवार सहा-सहा महिने राहणाऱ्यास पुढील खेपेस विमानतळावर ‘आपण येथे राहावयास आलात की भेटावयास?’ असे विचारतात. आणि मुक्काम वाढविला म्हणजे आजारपणाचा विमाही वाढवावा लागतो, ही गोष्ट रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तरी विसरू नये.

आम्ही जुलैमध्ये वंदे भारत योजनेतील विमानाने मुंबईस आलो. अर्जाची पोच, विमानात बसतानाचे पास व तिकिटे मी एका फायलीत लावून ठेवली. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘शाळा सुटली तरी यांची दप्तरे सुटत नाहीत.’’ २०२२ मध्ये आम्ही पुन्हा गेलो. अधिकाऱ्याने पडद्याकडे पाहून विचारले, ‘‘मागच्या वेळी तुम्ही एप्रिलनंतरही येथेच होता?’’ मी फाईल पुढे केली. त्याने पोच पाहिली, तारखा ताडून पाहिल्या, आणि सहा महिने दिले. फाटकाबाहेर नातू उभा होता. दोन वर्षांत तो इतका उंच झाला होता की, सौभाग्यवतींनी प्रथम त्याला ओळखलेच नाही.