घर सांभाळणे : सावड की वेठ?

(चेन्नईतील एग्मोर येथे मराठी भाषक रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय फळ्यावर वाचून पुष्कळांना हसू आले असेल. महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा, कंत्राटीकरण हे सगळे प्रश्न बाजूला ठेवून युनियनचा सेक्रेटरी घर राखण्यावर आणि कुत्री-मांजरे सांभाळण्यावर बोलणार, हे काय? पण हा विषय मी जाणूनबुजून घेतला आहे. मोठ्या मागण्यांसाठी आपण मोर्चे काढतो. ज्या कामाची नोंद कुठल्याही मस्टरवर होत नाही, त्या कामाबद्दल मात्र आपण कधीच बोलत नाही. आणि कामगाराची मान पहिल्यांदा वाकते ती अशाच नोंद नसलेल्या कामात.

ज्या शहरात आपण जमलो आहोत त्याला कामगार चळवळीत मान आहे. १९१८ साली बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीच्या कामगारांसाठी मद्रास लेबर युनियन याच शहरात उभी राहिली. १ मे १९२३ रोजी सिंगारवेलू यांनी देशातला पहिला मे दिन इथेच साजरा केला. समोरचे एग्मोर स्टेशन १९०८ सालचे, साऊथ इंडियन रेल्वेचे. १९५१ साली तिची आणि मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची, म्हैसूर रेल्वेसह, मिळून आजची दक्षिण रेल्वे झाली. म्हणजे 'मराठा' हे नाव इथल्या रुळांवर आपल्या आधीच येऊन पोचले होते.

आता मुद्द्यावर येतो. प्रश्न असा : एखाद्याने दुसऱ्याच्या घरात राहायचे, घर राखायचे, झाडांना पाणी घालायचे, कुत्र्याला फिरवायचे, आणि त्याबद्दल पैसे न घेता फक्त राहायला जागा घ्यायची, हा सौदा न्यायाचा आहे की नाही?

याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण एकाच कामाला आपल्या भाषेत दोन नावे आहेत. गावाकडे पेरणी-कापणीच्या वेळी आज माझी माणसे तुझ्या शेतात, उद्या तुझी माझ्या शेतात, असे चालते. त्याला आपण सावड म्हणतो. सावडीत पैसा नसतो, पण हिशोब असतो. चार दिवस घेतले तर चार दिवस फेडावे लागतात. दुसरे नाव वेठ. वेठीतही पैसा नसतो, पण तिथे हिशोबही नसतो. बोलावले की जायचे, आणि 'कधीपर्यंत' हे विचारायचे नाही.

आपल्यापैकी कुणी गणपतीला पंधरा दिवस गावी जातो. शेजारच्या क्वार्टरमधला दोस्त त्याच्या घरी झोपायला जातो, दूध घेतो, कुत्र्याला भाकरी घालतो. दिवाळीत तो दोस्त गावी गेला की पहिला त्याचे घर बघतो. ही सावड झाली. घरापासून हजार-बाराशे किलोमीटरवर नोकरी करणाऱ्या माणसांना तिचा मोठा आधार असतो. तिच्याविरुद्ध माझा एक शब्दही नाही.

मात्र यातही दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली गोष्ट नियमाची. नोकरीत मिळालेले क्वार्टर दुसऱ्याला भाड्याने देणे किंवा परवानगीवाचून राहायला देणे हा आचारनियमांचा भंग आहे. रेल्वेचे १९६६ चे नियम घ्या की टपालवाल्यांना लागू असलेले १९६४ चे नियम, दोन्हीकडे ही तरतूद आहे. तेव्हा कुणी जास्त दिवस राहणार असेल तर आधी ऑफिसला अर्ज द्या. दोस्ती खरी असली तरी चौकशी आली की कागदच उपयोगी पडतो. दुसरी गोष्ट घरातली. आपण मोठ्या तोंडाने सांगतो, "जा बिनधास्त, घरची बघेल." पण तिला विचारलेले असते का? पुरुषांनी एकमेकांवर उपकार करायचे आणि राबायचे बायकांनी, ही काही सावड नव्हे.

आता वेठीकडे वळू. याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. तामिळनाडूच्या पोलीस खात्यात ऑर्डर्ली पद्धत होती. भरती पोलीस म्हणून व्हायची आणि काम साहेबांच्या बंगल्यावर : भाजी आणणे, मुलांना शाळेत सोडणे, कुत्र्याला फिरवणे. राज्य सरकारने १९७९ सालीच हुकूम काढून ही पद्धत बंद केली होती. तरीही ती चालूच राहिली. शेवटी २०२२ साली मद्रास उच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले आणि चार महिन्यांत तिचा नायनाट करा असे सांगावे लागले. १९७९ ते २०२२ म्हणजे त्रेचाळीस वर्षे. कागदावर बंद झालेली वेठ बंगल्याच्या फाटकाआड इतकी वर्षे जगू शकते, हे विसरू नका.

आणि फक्त पोलिसांकडे बोट दाखवून चालणार नाही. आपल्या रेल्वेतही बंगला प्यून होता. पुढे त्याचे नाव बदलून टेलिफोन अटेंडंट कम डाक खलाशी असे भारदस्त करण्यात आले. टेलिफोन किती वाजायचा आणि डाक किती यायची, ते इथे बसलेल्या रेल्वेवाल्यांना मी सांगायला नको. त्याला पगार होता, हे खरे. पण खरा मोबदला पुढचा होता : काही वर्षे बंगला सांभाळला की रेल्वेत कायम होण्याची वाट. म्हणून पोरगा गप्प राहायचा. साहेब नाराज झाला तर वाट बंद. ६ ऑगस्ट २०२० रोजी रेल्वे बोर्डाने या जागांवर नवीन माणसे घेणे थांबवले, तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. पण ज्या पोरांनी कायम होण्याच्या आशेवर वर्षे काढली, त्यांच्या त्या आशेची किंमत किती, हे कुणी मोजले नाही.

त्याहून अवघड गोष्ट आउटहाऊसची. रेल्वेच्या मोठ्या बंगल्यांमागे नोकरांच्या खोल्या असतात. तिथे एखादे कुटुंब राहते. भाडे नाही, आणि त्या बदल्यात बाई बंगल्यातली धुणीभांडी, केरफरशी करते, साहेब रजेवर गेले की घर राखते, जनावर सांभाळते. वरवर दिसते की दोघांचेही भले झाले. आता हिशोब करू. समजा, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन असे रोजचे चार तास. महिन्याचे झाले १२० तास. तासाला ५० रुपये धरले तरी ६,००० रुपये होतात. त्या खोलीचे भाडे समजा ३,००० रुपये आहे. तर उरलेले ३,००० रुपये दर महिन्याला कुणी कुणाला दिले? ज्याला आपण आश्रय म्हणतो, तिथे आश्रित बाईच साहेबाला दरमहा मदत करत आहे. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. ज्याने त्याने आपल्या वसाहतीतले घालून पाहावेत.

आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट अशी की काम सुटले की छप्परही सुटते. साहेबाची बदली झाली, नव्या साहेबाने आपली माणसे आणली, की मुलांची शाळा, रेशनकार्ड, सगळे सोडून निघावे लागते. रोख पगाराच्या नोकरीत मालकाशी भांडण झाले तर माणूस संध्याकाळी निदान आपल्या घरी जाऊन झोपतो. जागेच्या मोबदल्यातल्या नोकरीत तो भांडूच शकत नाही.

"नुसते घरात बसायचे, त्यात काम ते काय?" हा सवाल नेहमी येतो. त्याचे उत्तर रेल्वे कामगाराने तरी चोख द्यावे. फाटकावरचा गेटमन दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत बसलेला दिसतो. तो आराम करतो असे आपण म्हणतो का? १९४७ साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांनी रेल्वे कामगारांच्या कामाच्या तासांबद्दल निवाडा दिला. कंटिन्युअस, इंटरमिटंट, इंटेन्सिव्ह हे आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्द त्याच हिशोबातले. काम कमी-जास्त असेल, पण ड्यूटीवर हजर राहणे हे कामच आहे आणि त्याचे तास मोजले पाहिजेत, हे आपल्या चळवळीने मिळवलेले तत्त्व आहे. टपालवाल्या बंधूंनाही हे नाव परके नाही. १९४६ च्या टपाल-तार कामगारांच्या तंट्यातही लवाद तेच होते. मग जो माणूस घर सोडून जाऊ शकत नाही, कारण कुत्रा एकटा राहील, तो ड्यूटीवर नाही असे कोण म्हणेल?

परदेशात आता याचा मोठा व्यवहार झाला आहे. फिरायला जाणाऱ्याचे घर आणि मांजर सांभाळायचे, बदल्यात फुकट राहायचे. इंटरनेटवर अशा जोड्या जमवणाऱ्या काही कंपन्या दोन्ही बाजूंकडून वर्षाची वर्गणी घेतात. म्हणजे राबणाऱ्याला रोख नाही, घरवाल्याला रोख नाही, रोख फक्त दलालाला. हौसेने हिंडणाऱ्या, खिशात परतीचे तिकीट असलेल्या माणसाला हा सौदा परवडत असेल. पण २०२२ साली एका ऑस्ट्रेलियन प्रवासी बाईला लॉस एंजेलिसच्या विमानतळावरून परत पाठवण्यात आले. मांजरे सांभाळून त्या बदल्यात राहायची जागा घेणे हे कामच आहे आणि पर्यटक म्हणून आलेल्याला काम करता येत नाही, असे तिथल्या अधिकाऱ्यांचे म्हणणे. बिचारीला त्रास झाला, पण एक गोष्ट सिद्ध झाली. माणसाला अडवायचे असते तेव्हा सरकार त्याला काम म्हणते. मजुरी मागितली की मात्र तीच गोष्ट मदत ठरते.

महाराष्ट्राला हा खेळ नवा नाही. महार वतन हा असाच सौदा होता. वतनाची तुटपुंजी जमीन, थोडे बलुते, आणि त्या बदल्यात गावाची आणि सरकारची वाटेल ती कामे, रात्री-अपरात्री. वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात सुधारणा करणारे विधेयक आणले. कामाला बंधन नाही आणि मोबदल्याची हमी नाही, हे त्यांच्या तक्रारीचे मूळ होते. बलुत्याच्या जागी रोख मोबदला हवा, हा त्यांचा आग्रह होता. वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. वस्तूच्या रूपातला मोबदला माणसाला बांधून ठेवतो आणि रोख मजुरी त्याला मोकळे करते, हा धडा आपल्याच मातीतला आहे.

कायदाही तेच सांगतो. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी केली. १९८२ साली दिल्लीच्या एशियाड बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच आहे. पोटासाठी 'हो' म्हटले म्हणून ते स्वखुशीचे होत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या घरकामगारांविषयीच्या १८९ व्या करारात वस्तुरूप मोबदला थोड्याच प्रमाणात, कामगाराच्या संमतीने आणि वाजवी किंमत लावूनच देता येतो. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. ही मागणी आपल्या ठरावांत असायला हवी.

टपाल बंधूंसाठी एक उलटे उदाहरण. खेड्यातला ग्रामीण डाक सेवक, शाखा पोस्टमास्तर, आपल्याच घरातली खोली पोस्टासाठी देतो. इथे नोकर मालकाच्या घरात राहत नाही, मालकच नोकराच्या घरात राहतो. खोली त्याची, राखण त्याची, रात्री तिजोरीची काळजी त्याची. १ जुलै २०१८ पासून लागू झालेल्या सुधारणेत त्याचे काम चार किंवा पाच तासांचे धरून मोबदला ठरवण्यात आला आणि जागेसाठी अल्पसा भत्ता देण्यात आला. पण खोली मात्र चोवीस तास पोस्टाची. तिला बाजारभावाने भाडे द्या, ही मागणी न्यायाची आहे.

तेव्हा सावड कोणती आणि वेठ कोणती, हे ओळखायला चार प्रश्न विचारा. एक, समोरच्याला न भिता 'नाही' म्हणता येते का? दोन, किती दिवस आणि कोणकोणते काम, हे आधी ठरले आहे का? तीन, उद्या तो माझ्या घरासाठी हेच करील का? चार, चोरी झाली, कुत्रा आजारी पडला, काही मोडले, तर भरून कोण देणार? चारही उत्तरे सरळ आली तर खुशाल करा. एकही अडले तर ते काम आहे, आणि कामाला मजुरी हवी.

हे प्रश्न वरच्या साहेबांनाच विचारायचे नाहीत. नवीन लागलेल्या पोराला शहरात खोली मिळत नाही. सीनिअर आपल्या क्वार्टरमध्ये त्याला जागा देतो आणि मग स्वयंपाक, पाणी भरणे, मुलाला क्लासला सोडणे सगळे त्याच्यावर ढकलतो. असे साहेब आपल्यातही आहेत. जो स्वतःच्या क्वार्टरमध्ये बंगला प्यून ठेवतो, त्याला बंगल्यासमोर घोषणा देण्याचा अधिकार नाही.

माझे सांगणे एवढेच. प्रत्येक शाखेने आपल्या वसाहतीतल्या आउटहाऊसमधल्या कुटुंबांची माहिती घ्यावी. ती आपली सभासद नाहीत म्हणून सोडू नका. त्यांना रोख मजुरी आणि खोली सोडण्यापूर्वी लेखी मुदत, या दोन गोष्टी मिळवून द्याव्यात. घरच्या कामाला जुंपलेल्या सभासदाने एकट्याने नकार देऊ नये. त्याने शाखेकडे यावे, नकार शाखा देईल. एकट्याच्या नकाराला उद्धटपणा म्हणतात. संघटनेने नकार दिला की त्याची मागणी होते.

एकमेकांची घरे जरूर राखा. आपण सगळे घरापासून दूर आहोत. पण ते बरोबरीच्या नात्याने करा, आणि हिशोब फेडायला विसरू नका.

कामगार एकजुटीचा विजय असो!