खापर आणि वाळू

कोलकात्याच्या ईशान्येस, बेडाचांपा गावाजवळ चंद्रकेतुगढ आहे. 1950 च्या दशकात कलकत्ता विद्यापीठाच्या आशुतोष संग्रहालयाने तेथे उत्खनन आरंभिले आणि दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे नगर उजेडात आले. शाळेच्या सहलीतील मुलांना मात्र प्रथम विटांचा ढिगारा तेवढा दिसला. तेथील कितीतरी मृण्मय शिल्पे चोरवाटांनी परदेशी गेली, हे ऐकताच एका मुलीने आठवण म्हणून उचललेले खापर निमूटपणे जागच्या जागी ठेवले. शिक्षकांनी ते पाहिले, पण ते काही बोलले नाहीत, तेच योग्य.

दुसऱ्या दिवशी दिघ्याच्या किनाऱ्यावर हुतूतू रंगला. स्थानिक मुले ‘हाडुडू’ म्हणत चढाईस आली. वाळूत पाय रुततो, दम लवकर संपतो. तीच मुलगी तीनदा बाद झाली. चौथ्यांदा मात्र दम राखून तिने मध्यरेषा गाठली.