आगीची वर्दी आणि अंगावरची वर्दी

(अग्निशमन सेवा दिनानिमित्त मंडळाच्या बैठकीत केलेले भाषण)



मी बँकेतला कारकून, बी.कॉम. झालेला. आगीवर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणाला वाटले तर ते बरोबरच आहे. पण काउंटरवर एक प्रसंग घडला, तो मनातून जात नाही.

मुंबई-पुण्याकडे 'आगीची वर्दी आली' म्हणतात, म्हणजे खबर आली. इथे माळव्यात वर्दी म्हणजे गणवेश. माझे म्हणणे इतकेच की पहिली वर्दी आली की दुसरी अंगावर चढली पाहिजे, आग केवढीही असो.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या पट्ट्यातल्या एका गावी गाद्यांचे दुकान पेटले. मी तिथेच होतो. दमकल वेळेवर आली. पाइप धरलेल्या मुलाच्या पायात चपला होत्या आणि तोंडाला ओला गमछा. अर्ध्या तासात आग विझली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. दोन महिन्यांनी तोच मुलगा पगार काढायला काउंटरवर आला. खोकल्याने धड बोलता येईना. मी विचारले, गाडीवर पोशाख नसतो का? म्हणाला, "है ना साहब, दो सेट हैं। अलमारी में। छोटी-मोटी आग में कौन निकालता है!" पोशाख फाटला तर वसुली आपल्याकडून होईल, ही भीती वेगळीच. तो रोजंदारीवरचा माणूस.

मी कारकून असल्यामुळे त्या कपाटाची गोष्ट मला लगेच कळली. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये दोन नग दाखल, तपासणीला दोन नग हजर, साहेब खूश. वस्तू वापरली की झिजते आणि झिजली की उत्तर द्यावे लागते. म्हणून ती न वापरणेच सोयीचे. पण ज्याच्यासाठी घेतली, तो गमछा बांधून उभा!

आता छोटी आग म्हणजे कोणती? गादीतला फोम जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड निघतो, हायड्रोजन सायनाइडही निघतो. ओला गमछा काजळी थोडीफार अडवतो, वायू अडवत नाही. त्यासाठी पाठीवर हवेचे सिलिंडर आणि तोंडावर मुखवटाच लागतो. ज्वाळा विझल्यावरही धुमसणाऱ्या ढिगातून हे वायू निघतच राहतात आणि नेमका तेव्हाच मुखवटा काढला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगकारक ठरवला आहे. म्हणजे एका मोठ्या आगीचा प्रश्न नाही, शंभर लहान आगींची बेरीज आहे.

बँकेत स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, एक अधिकाऱ्याकडे, एक कॅशियरकडे. आत एक बंडल ठेवायचे असो की पेटी, दोघांनी मिळूनच उघडायचे. आज रक्कम थोडी आहे, एकाच किल्लीने भागवू, असे म्हणायची सोय नाही. रक्कम पाहून नियम लावला असता तर तो कधीच मोडला असता.

१४ एप्रिलला आपल्याकडे सगळ्यांचे लक्ष महूकडे असते, ते योग्यच आहे. पण १९४४ साली त्याच तारखेला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला लागलेली आग विझवताना स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक गेले. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासात संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी गेले. नंतर सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर रुग्णालयात वारले. कोसळती इमारत पोशाखाने थांबत नाही, स्फोटही थांबत नाही, हे मी मान्य करतो. पण दलाचा प्रमुखसुद्धा जिथे सुरक्षित नाही, तिथे आपल्या चपला घातलेल्या मुलाचे काय?

आणि हे सारे मुंबईचेच नाही. ६ फेब्रुवारी २०२४ ला हरद्यात फटाक्यांचा कारखाना उडाला. नेमावरचा पूल ओलांडला की हरदा. इंदूरहून तिकडे जाणारा रस्ता आपल्या कन्नौदमधूनच जातो.

एक आक्षेप खरा आहे. मे महिन्यात तो जड, तीन थरांचा पोशाख घालून उभे राहणेही कठीण. नरवाई पेटली किंवा उभा गहू पेटला तर शेतात सिलिंडर घेऊन धावता येत नाही. तिथे हलका, न पेटणारा पोशाख, बूट, हातमोजे, चष्मा हवा. पाळी बदलायला माणसे हवीत, प्यायला पाणी हवे. त्या आगीला जो पूर्ण पोशाख लागतो तो पूर्ण, असा माझा अर्थ आहे. उन्हाचे निमित्त करून गमछ्यावर यायचे नाही.

पैसा नाही, हे उत्तर मिळेल. राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी केंद्राने २०२३ मध्ये ५००० कोटींची योजना जाहीर केली. त्यातून आपल्या भागातल्या छोट्या नगर परिषदांपर्यंत काय पोचले, हे पार्षदांना विचारायला हवे. आपली घराणी इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, मत मागायला सगळे येतात. या वेळी रस्ता आणि नळाबरोबर हेही विचारा: गाडीवर माणसे किती, पोशाख किती, मापाचे आहेत का, सिलिंडर शेवटचे कधी भरले, आणि फाटलेल्या पोशाखाची वसुली माणसाकडून होणार नाही असा लेखी आदेश आहे का? हा शेवटचा प्रश्न फुकटातला आहे, त्याला बजेट लागत नाही.

अर्ज मी लिहून आणला आहे, मागच्या टेबलावर ठेवला आहे. सही करताना वार्ड क्रमांक लिहायला विसरू नका, नाहीतर बाबू अर्ज परत करतात. मी बाबूच आहे, मला ठाऊक आहे.