कीबोर्ड दबतो म्हणून लॅपटॉप कच्चा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

दरवर्षी इंजिनिअरिंगचे प्रवेश झाले की माझ्या व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न येतो. "दादा, राजारामपुरीत लॅपटॉप बघितला. कीबोर्ड मधोमध दाबला तर आत जातोय. घेऊ का नको?" विषय ५०-६० हजारांचा असतो. कुणाच्या घरी उसाच्या बिलातनं पैसे येतात, कुणी हप्त्यावर घेतं. त्यामुळं प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही.

आधी कीबोर्ड दबतो का, ते बघू. बटणांच्या खाली धातूचा एक पातळ पत्रा असतो. तो वरच्या कव्हरला स्क्रूनं किंवा प्लास्टिकच्या वितळवलेल्या खिळ्यांनी पकडलेला असतो. जिथं खाली आधार कमी, तिथं तो दबतो. बऱ्याचदा G, H, B या बटणांच्या आसपास, कारण ती जागा कडेपासून सगळ्यात लांब.

आता जोराचा हिशोब करा. एक बटण दाबायला साधारण ६० ग्रॅमच्या आसपास भार पुरतो. दुकानात आपण अंगठा रोवतो तेव्हा भार किलोत जातो. असं टायपिंग कोण करतं? अंगठ्यानं दबला म्हणून मशीन कच्चं ठरत नाही. पण नेहमीच्या वेगानं टाइप करताना पत्रा खालीवर होत असेल, तर मात्र विचार करा. रोज आठ तास कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला ते बोटांना जाणवतं, आणि कंपनीनं आत आधार देताना काटकसर केलीय हेही त्यातनं कळतं.

उलट बाजूही ऐका. घट्ट म्हणजे टिकाऊ, असंही नाही. ॲपलनं २०१५ मध्ये १२ इंची मॅकबुकमध्ये 'बटरफ्लाय' कीबोर्ड आणला. बटणं अजिबात डगमगत नव्हती, अंगही ॲल्युमिनियमचं, एकदम टणक. पण बारीक धूळ गेली की बटण अडकायचं, नाहीतर एकाच दाबात दोन अक्षरं उमटायची. २०१८ मध्ये कंपनीला फुकट दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. २०१९ च्या शेवटी १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये जुन्या धाटणीची कात्री-रचना परत आली. २०२२ मध्ये अमेरिकेत ५ कोटी डॉलरची तडजोडही झाली.

आपल्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. बिडाचा तवा कडक असतो, पण फरशीवर पडला की तडकतो. पत्र्याच्या तव्याला फार तर पोचा येतो. कडकपणा वेगळा, टिकाऊपणा वेगळा.

मग दुकानात बघायचं काय? चार गोष्टी.

एक, उभ्या उभ्या अंगठा रोवू नका. स्टूल मागा, बसा आणि दहा ओळी टाइप करा. मराठीत केल्या तरी चालतील. स्पेसबारच्या दोन्ही टोकांना दाबून बघा.

दोन, झाकण उघडून लॅपटॉप पुढच्या एका कोपऱ्यानं हळूच उचला. करकर आवाज आला किंवा टचपॅड आपोआप क्लिक झालं, तर सांगाडा पिळतोय असं समजा. कीबोर्ड दाबण्यापेक्षा ही परीक्षा जास्त खरी.

तीन, बिजागरी. स्वस्त मशीनमध्ये तिचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या छोट्या पितळी नटांत असतात. बिजागरी फार कडक असेल तर रोज उघडझाप करून तेच उपटून येतात. झाकण उघडताना कडेचं प्लास्टिक फाकतंय का, नीट बघा.

चार, आणि हे सहसा कुणी विचारत नाही: कीबोर्ड बिघडला तर एकटा बदलता येतो, का अख्खं वरचं कव्हर बदलावं लागतं? डेल, एचपी, लेनोवो यांच्या बऱ्याच मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल फुकट मिळतात. दुकानात जायच्या आधी मोबाईलवर उघडा. चहा सांडला की खर्च किती येणार, ते या उत्तरावर ठरतं.

माझं मत विचाराल तर, कीबोर्डच्या घट्टपणाला दहापैकी दोन गुण द्या. बाकीचे आठ सांगाडा, बिजागरी आणि दुरुस्तीला. दोन मॉडेल सगळ्या बाबतीत सारखी निघाली, तर घट्ट कीबोर्डवालं घ्या, बिनधास्त.

तुमच्या मॉडेलचं नाव पाठवा, पुढच्या भागात मॅन्युअल उघडून बघू. भेटूच!