सार्वजनिक कामांचा जमाखर्च

एखादा व्यापारी दुकान घालतो तेव्हां त्याचा हिशेब सरळ असतो. गल्ल्यांत किती आलें आणि गल्ल्यांतून किती गेलें, एवढेंच त्याला पाहावें लागतें. परंतु सरकार जेव्हां नदीवर धरण बांधतें किंवा घाटांतून रस्ता काढतें, तेव्हां हा हिशेब अपुरा पडतो. रस्त्यावर जकात नसली म्हणजे तिजोरींत एक दमडीही येत नाहीं. पण त्याच रस्त्यानें आडगांवचा भाजीपाला सडण्यापूर्वीं बाजारांत पोंचतो आणि अडलेल्या बाळंतिणीला वेळेवर दवाखाना गांठतां येतो. हा लाभ कोणाच्या वहींत लिहावयाचा? या प्रश्नाच्या उत्तरांतूनच लाभ आणि व्यय यांची तुलना करण्याचें शास्त्र जन्माला आलें.

या विचाराला शास्त्रीय बैठक दिली ती फ्रान्समधील ज्यूल द्युपुई या रस्ते-पुलांच्या इंजिनियरानें. १८४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यानें असें दाखविलें कीं, सार्वजनिक कामाची उपयुक्तता त्यावरील वसुलीनें मोजतां येत नाहीं. समजा, पुलावरून जाण्याचा दर एक आणा आहे. ज्या वाटसरूची चार आणे देण्याचीही तयारी होती, त्याला तीन आण्यांचा निव्वळ लाभ झाला. तो तिजोरींत दिसत नाहीं, तरी खरा असतो. उलट, ज्याची तयारी अर्ध्याच आण्याची, तो मागें फिरतो. त्याचा लाभ पूर्ण बुडतो, आणि तो बुडाल्याची नोंद कोणत्याही दप्तरांत होत नाहीं.

हिंदुस्थानांत इंग्रजी अमदानींत पाटबंधाऱ्यांची पारख निराळ्या मापानें होत असे. काम पुरें झाल्यापासून दहा वर्षांत त्याच्या उत्पन्नांतून भांडवलावरील व्याज निघालें, तर तें काम 'उत्पादक'. न निघालें तर 'संरक्षक', म्हणजे दुष्काळापासून बचावापुरतें. पंजाबांतील मोठे कालवे या कसोटीला उतरले. दख्खनचें तसें नव्हतें. येथें मुलूख खडकाळ, पाऊस लहरी, आणि पाणी सांठवावयाचें तर सह्याद्रीच्या कुशींत खर्चाचीं धरणें बांधणें भाग. व्याजाच्या तराजूंत हीं कामें हलकीं ठरत.

हा तराजूच तपासून पाहण्याचें काम पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनें केलें. १९३० सालीं स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक धनंजय रामचंद्र गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखालीं गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी झाली, आणि ती १९४८ सालीं प्रसिद्ध झाली. सरकारला किती मिळालें, एवढ्यावर ती थांबली नाहीं. कालव्यामुळें सबंध प्रदेशाला किती मिळालें, हा तिचा प्रश्न होता. बागाइतदाराच्या पिकांतील वाढ हा प्रत्यक्ष लाभ. त्या पिकाच्या पाठोपाठ गुऱ्हाळें व साखर कारखाने चालतात, गाडीवानाला भाडें, अडत्याला माल आणि कोरडवाहू भागांतून आलेल्या मजुराला काम मिळतें. हा अप्रत्यक्ष लाभ. सरकारच्या वहींत तोट्याचा दिसणारा कालवा समाजाच्या वहींत लाभाचा असूं शकतो, हें या दृष्टीमुळें स्पष्ट झालें.

अमेरिकेंत १९३६ सालच्या पूरनियंत्रण कायद्यानें हेंच तत्त्व निराळ्या वाटेनें स्वीकारलें होतें. लाभ कोणालाही होवो, त्याची बेरीज खर्चाहून अधिक भरली पाहिजे, अशी अट त्यानें घातली. स्वतंत्र भारतांत १९६४ सालीं निजलिंगप्पा समितीनें पाटबंधाऱ्यांसाठीं व्याजाच्या कसोटीऐवजीं लाभ-व्ययाची कसोटी सुचविली. एक रुपया खर्चास किमान दीड रुपया लाभ, असें तिचें प्रमाण होतें.

मात्र या गणितांत चकवे पुष्कळ आहेत. कालव्यामुळें पीक वाढतें आणि पीक वाढल्यामुळें जमिनीची किंमत चढते. या दोन्ही गोष्टी जमेस धरल्या तर एकच लाभ दोनदां मोजला जातो. मजुरी हा खर्च आहे. परंतु दुष्काळांत ज्याला दुसरें कामच नाहीं, त्याला खडी फोडावयास लावल्यानें समाजाचें दुसरीकडे फारसें उत्पन्न बुडत नाहीं. म्हणून त्या मजुरीचा खरा भार हातीं दिलेल्या पैशांहून कमी असतो. कांहीं खर्च तर उशिरां प्रकट होतात. नीरा डाव्या कालव्याखालीं पाण्याच्या अतिवापरानें जमिनी चिबडल्या, त्यांवर खार फुटला. पाण्याचा लाभ लिहिणाऱ्याला निचऱ्याचा खर्चही लिहावाच लागतो.

काळाचा प्रश्न याहून नाजूक आहे. पंचवीस वर्षांनीं मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत शेंकडा ४ दरानें सुमारें साडेसदतीस रुपये होते. शेंकडा १० दरानें ती सव्वानऊ रुपयांवर येते. धरण तेंच, पाणी तेंच. केवळ दर बदलल्यानें योजना तरते किंवा बुडते. दर ठरविणारा माणूस येथें नुसतें गणित करीत नसतो. नातवाच्या सुखाला आजोबाच्या सुखाशेजारीं कोणतें स्थान द्यावयाचें, हें तो ठरवीत असतो.

सर्वांत कठीण प्रश्न बेरजेच्या आंत दडलेला आहे. १९३९ सालीं निकोलस काल्डोर या अर्थशास्त्रज्ञानें असा विचार मांडला कीं, ज्यांचा फायदा झाला त्यांना तोटा झालेल्यांची भरपाई करूनही कांहीं शिल्लक उरत असेल, तर तो बदल हितकर मानावा. पण भरपाई करतां येणें निराळें आणि ती प्रत्यक्ष हातीं पडणें निराळें. मुळशीचें उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. टाटांच्या धरणाची वीज मुंबईसाठीं होती. पाण्याखालीं जाणार होतीं तीं मावळांतील भातखाचरें. १९२१ सालीं तेथें सत्याग्रह उभा राहिला आणि सेनापति बापट त्याचे अग्रणी झाले. मुंबईचा लाभ आणि मावळ्यांचा तोटा एकाच कागदावर मांडला तर बेरीज कदाचित् जमेचीच निघेल. परंतु ज्याचें घर बुडालें, त्याला ती बेरीज खावयास घालीत नाहीं.

म्हणून या शास्त्राचा मान त्याच्या शेवटच्या आंकड्यांत नाहीं. अधिकारी, पुढारी आणि कंत्राटदार यांनीं जें मोघम ठेविलें असतें, तें तें उघडें करावयास लावतें. कोणता लाभ धरला, कोणता खर्च गाळला, कोणता दर घेतला, हें ज्या हिशेबांत वाचतां येतें, त्यालाच सामान्य नागरिक प्रश्न विचारूं शकतो. मात्र त्या हिशेबांत एक स्तंभ अधिक असावा: लाभ कोणाच्या पदरीं आणि तोटा कोणाच्या माथीं. तो स्तंभ कोरा ठेवून केलेली बेरीज बरोबर असली, तरी तिच्यावर न्यायाची सही नसते.