विशारद झालात, आता शिकवाल कसं?

मागच्या भागानंतर जे मेसेज आले त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा दिसला. 'मला नाचायला आवडतं, आयटीचा कंटाळा आलाय, डान्स टीचर व्हायला काय करावं लागतं?' एकाने तर थेट विचारलंय, 'राजीनामा देऊ का?' अरे, थांब जरा. एवढा भाग ऐक, मग ठरव.

नवीन लोकांसाठी सांगते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, बी.टेक., पुण्यात नोकरी. लहानपणापासून कथक शिकते. आणि गेली दोन वर्षं दर शनिवारी सकाळी माझ्या ताईंच्या, म्हणजे माझ्या गुरूंच्या, एका वर्गात मदतनीस म्हणून उभी राहते. वर्गात चौदा जणी आहेत, सगळ्या साठीच्या पुढच्या. कुणालाही परीक्षा द्यायची नाहीये.

आता आपल्याकडे नाच शिकायचा रस्ता बऱ्यापैकी आखलेला आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा घ्या. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि मग अलंकार. मधल्या 'प्रथम' आणि 'पूर्ण' धरल्या तर विशारद पूर्ण ही सातवी परीक्षा. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून आमच्या बॅचमधल्या बऱ्याच जणी मध्यमापर्यंत आल्या, आणि निकाल लागल्यावर त्यांचे घुंगरू माळ्यावर गेले. ज्या उरतात त्या विशारद होतात आणि दुसऱ्याच महिन्यात सोसायटीच्या गेटवर बोर्ड लागतो, 'कथक क्लासेस, वय वर्षे ५ पासून पुढे'.

बोर्ड लावा, माझी काही हरकत नाही. पण माझ्या एकाही परीक्षेत 'समोर सहा वर्षांच्या दहा मुली आहेत, त्यांना तत्कार शिकवून दाखव' असं कुणी म्हटलं नाही. तुकडे विचारले, परण विचारली, ताल लिहायला लावले. सगळं मला स्वतःला काय येतं याबद्दल.

शिकवताना काय होतं बघा. तुम्ही वर्गाकडे तोंड करून उभे आहात. त्यांचा उजवा पाय म्हणजे तुमचा डावा, म्हणजे अख्खी रचना आरशासारखी उलटी करायची. तोंडाने पढंत चालू आहे, हाताने टाळी आणि खाली दाखवताय, आणि डोळे मात्र मागच्या रांगेतल्या त्या मुलीच्या टाचेवर, कारण ती दर वेळी सातव्या मात्रेला एक पाय खाते. हे सगळं एकाच वेळी. ताई हे करताना मधेच 'पंखा बारीक कर गं' असंही म्हणतात आणि समेवर बरोब्बर येतात.

पूर्णवेळ शिकायचं असेल तर जागा आहेत. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र, जिथे गुरुकुल पद्धतीने नृत्यात बी.ए., एम.ए. करता येतं. रोहिणीताई भाटेंनी तिथे शिकवलंय. मुंबईत कनक रेळेंनी उभं केलेलं नालंदा नृत्यकला महाविद्यालय, मुंबई विद्यापीठाशी संलग्न. तिथे नाचाबरोबर इतिहास, शास्त्र, तालाचा अभ्यास असा पाया पक्का होतो. तिथून बाहेर पडलेल्या लोकांशी बोला, खरं चित्र कळेल.

पण मला आज जास्त बोलायचंय ते स्टेजवर न जाणाऱ्यांच्या नाचाबद्दल. इंग्रजीत त्याला 'कम्युनिटी डान्स' म्हणतात आणि लोकांना वाटतं हे बाहेरून आलंय. अहो, मंगळागौर काय आहे? भोंडला, वारीतली फुगडी, शाळेतलं लेझीम? पालघरकडे वारली लोक तारपा वाजवणाऱ्याभोवती गोल धरून नाचतात, तिथे प्रेक्षक आणि कलाकार असे दोन गट नसतातच.

आमच्या शनिवारच्या वर्गात पहिल्या दिवशी एक काकू खुर्चीवरून उठेचनात. 'आमचं काय आता, तुम्ही नाचा, आम्ही बघतो.' ताईंनी आग्रह केला नाही. त्यांनी झिम्म्याच्या टाळ्या सुरू केल्या, साध्या, चारच्या लयीत. काकूंचे हात आपोआप सुरू झाले, लहानपणीचे ते. मग ताईंनी त्याच टाळीवर 'ता थेई थेई तत्' ठेवलं, बसूनच, फक्त पंजे आपटायचे. तीन आठवड्यांनी काकू उभ्या होत्या, खुर्चीची पाठ धरून. चक्कर मात्र ताई कुणालाच देत नाहीत. कुणाला बीपीच्या गोळ्या, कुणाचा तोल जातो. भिंतीजवळ अर्धं वळायचं आणि तिथे थांबायचं. टाइल्सवर जोरात तत्कार नाही. घुंगरू नाहीत. हे निर्णय विशारदच्या अभ्यासक्रमातून येत नाहीत, माणसं बघून येतात.

याचं रीतसर प्रशिक्षणही असतं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस डान्स ग्रुपने २००१ साली पार्किन्सन्स असलेल्या लोकांसाठी नाचाचे वर्ग सुरू केले, आणि आता ते असे वर्ग घेणारे शिक्षकही तयार करतात. पुण्यात हृषीकेश पवारांनी पार्किन्सन्स मित्रमंडळाबरोबर असे वर्ग घेतलेत. या आजारात सवयीच्या हालचालीच अडतात, चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखा होतो. बाहेरून ठेका मिळाला, किंवा जमिनीवर रेघ दिसली, तर पाऊल उचलणं कित्येकांना सोपं जातं. म्हणजे आपली पढंत तिथे खरोखर कामाला येते.

एक मात्र सांगते. हा नाचाचा वर्ग आहे, उपचार नव्हे. 'डान्स थेरपिस्ट' असं इन्स्टाच्या बायोत लिहिण्याआधी ते शिका. कोलकाता संवेद या संस्थेने मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेबरोबर नृत्य-उपचाराचा डिप्लोमा सुरू केला, तशी वाट आहे. वीकेंड वर्कशॉपचं सर्टिफिकेट घेऊन कुणाच्या दुखऱ्या मनाला हात घालू नका, प्लीज.

आता पैसा. इंजिनिअर आहे, एक्सेल शीट केलीच मी. समजा पंचवीस मुली, महिना १,२०० रुपये फी. झाले ३०,०००. हॉलचं भाडं ८,००० धरा. लेहरा ॲपवर मिळतो, तबलजी मिळत नाही, त्यांचं मानधन वेगळं. मे महिन्यात अर्धा वर्ग गावाला, दिवाळीत सुट्टी, दहावीच्या वर्षी गळती. हातात राहतात ते वीस हजाराच्या खालीच. माझ्या डोक्यावर होमलोन आहे. बाबा रागावून नाही, काळजीने म्हणतात, 'बी.टेक. कशाला केलंस मग?' त्यांचं गणित बरोबर आहे, त्यात शनिवारचा कॉलम नाही इतकंच.

हे सगळं आज का बोलतेय? ताईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर काय ते सांगतील, पण ताई म्हणतात, तीस वर्षांच्या फरशीने खाल्ले. मुलांचे वर्ग त्यांची दुसरी शिष्या घेणार. शनिवारचा वर्ग कुणी घेतला नाही तर बंद. फी नाममात्र, कौतुक करायला पालक नाहीत, त्यामुळे रांग लागलेली नव्हती.

मी हो म्हटलंय. अट एकच घातली. ऑपरेशनला दीड महिना आहे, तोवर ताईंनी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचं आणि मी शिकवताना बघायचं. मागच्या शनिवारी पहिला वर्ग झाला. घरी जाताना ताई म्हणाल्या, 'तू फार बोलतेस. दोन आवर्तनं गप्प राहून बघ, त्या काय करतात ते दिसेल.' या शनिवारी तेवढंच करायचंय.

नोकरी सोडलेली नाही. सोमवारी रिलीज आहे, शुक्रवारी रात्री जागरण झालं तरी नऊला हॉलची किल्ली माझ्याकडे असेल. ज्याने राजीनाम्याचं विचारलं होतं त्याला म्हणेन, आधी वर्षभर कुणाच्या तरी वर्गात मागे उभा राहा, फुकट. वर्षाने मेसेज कर, मग बोलू.

तुमच्या गावात असा वर्ग चालत असेल तर मला कळवा, पुढच्या भागात त्यांच्याशी गप्पा मारू. चला, येते.