लॅबची किल्ली

मघापासून नऊवारी नेसून विंगेत ताटकळलेल्या मुलींनो,

तुमची लावणी माझ्या भाषणानंतर आहे, हे मला आल्या आल्या दोघींनी सांगितलंय. तेव्हा लवकर आवरते. असं प्रत्येक पाहुणा म्हणतो, आणि असं म्हणणाऱ्या पाहुण्यांवर याच मैदानात मागे बसून मीही दात-ओठ खाल्लेत.

प्राचार्य सरांनी विषय दिलाय, ‘मोठं विद्यापीठ की छोटं कॉलेज?’ मी दोन्हीकडे शिकले, म्हणून हा मान माझा. १९८८ ते ९१ इथे बी.एस्सी., मग गणेशखिंडीत, पुणे विद्यापीठात, एम.एस्सी.

खरं तर हा प्रश्न आपल्याकडे जरा फसवा आहे. कॉलेज छोटं असलं तरी मार्कशीटवर नाव मोठ्या विद्यापीठाचंच. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडनच्या धर्तीवर: विद्यापीठानं परीक्षा घ्यायच्या, शिकवायचं कॉलेजांनी. १९४९ मध्ये पुण्याला वेगळं विद्यापीठ मिळालं, पण कॉलेजांपुरती घडी तीच राहिली. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी करून दिली. मग आपल्याकडे पिंपरीत, निगडीत, आकुर्डीत कॉलेजं आली, आणि कंपनीतल्या बापाच्या मुलाला इंजिनिअर व्हायला पुण्यात शिवाजीनगरच गाठायला हवं असं उरलं नाही. आता २०२० चं शैक्षणिक धोरण म्हणतं, पंधरा वर्षांत ही संलग्नता टप्प्याटप्प्यानं संपवा. १८५४ चं पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, सीओईपी, तर २०२२ मध्ये स्वतःच विद्यापीठ झालं. तुमची धाकटी भावंडं प्रवेश घेतील तेव्हा हा सगळा खेळ बदललेला असेल.

मग प्रवेश घेताना विचारायचं काय? इमारत नको, वाय-फाय नको, पॅकेजचा फ्लेक्स तर मुळीच नको. लॅबची किल्ली कुणाकडे असते, तेवढं विचारा. दुपारी तीन वाजता न सांगता जा आणि बघा, कुलूप आहे की दार उघडं आहे.

आमच्या वेळी ही किल्ली मामांकडे असायची. ते बघा, दुसऱ्या रांगेत बसलेत. मामा, हात तरी वर करा! लॅब असिस्टंट म्हणून निवृत्त झाले, पण टी.वाय.च्या आमच्या अख्ख्या बॅचला विचारा, न्यूटन्स रिंग्ज कुणी दाखवल्या. आमचे सर थिअरी शिकवायचे, उत्तम शिकवायचे, सर, तुम्हीही समोर आहात! पण मायक्रोस्कोपमध्ये त्या काळ्या-पिवळ्या कड्या काही केल्या दिसेनात, तेव्हा काचेवरून हलकेच रुमाल फिरवून “आता बघ पोरी” म्हणणारे मामा होते. आमची फिजिक्सची बॅच एवढीशी. सोडियम लॅम्प तीन, त्यातला एक आजारी. संध्याकाळी सगळे गेले की मामा मला म्हणायचे, अर्धा तास घे. ते किल्ली टेबलावर ठेवायचे आणि बाहेर स्टुलावर ‘सकाळ’ वाचत बसायचे. त्या अर्ध्या तासाचे दीड तास व्हायचे. घरी वडील विचारायचे, एवढा उशीर? मी म्हणायची, पीसीएमटीची बस मिळाली नाही. तेव्हा पिंपरी-चिंचवडची ही बससेवा पुण्यापासून वेगळी होती, तिच्यावर काहीही खपायचं.

विद्यापीठात गेले तर सगळंच भव्य. जयकर ग्रंथालयात पहिल्यांदा शिरले तेव्हा मी कुजबुजायचीही विसरले. शेजारी खगोलशास्त्राची ‘आयुका’ ही संस्था नुकतीच उभी राहत होती, १९८८ ची स्थापना, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर संचालक. मुलं स्वाक्षरी मागायला गेली की नारळीकर म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा. उत्तर यायचं, त्याखाली सही. मी मात्र पहिलं वर्ष मागच्या बाकावर काढलं. दोष विद्यापीठाचा नाही, माझा. इथे मागितल्याशिवाय किल्ली टेबलावर यायची. तिथे मागावी लागते, हे कळायलाच वर्ष गेलं. मागितली तेव्हा मिळाली, आणि इथल्यापेक्षा कितीतरी मोठ्या दाराची मिळाली. नारळीकर स्वतः केंब्रिजचे. तिथे विद्यापीठ प्रचंड, पण मुलगा राहतो, जेवतो, शिक्षकासमोर बसून शंका विचारतो तो छोट्या कॉलेजात. त्यांचं कॉलेज फिट्झविल्यम. त्या लोकांनी दोन्ही एकत्र नांदवलं. आपण मात्र मुलांना म्हणतो, निवडा!

छोट्याच्या बाजूनं बोलताना मला आपल्या चाकणचा संग्रामदुर्ग आठवतो. एवढासा भुईकोट, पण १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाला जवळजवळ दोन महिने झुंजवलं. शेवटी किल्ला गेलाच, त्यामुळे हे उदाहरण मी इथेच सोडते.

माझ्या कामाबद्दलही बोला, असं पत्रात लिहिलं होतं. मी चाकणला मेट्रॉलॉजी बघते, म्हणजे मोजमाप. आमची खोली बारा महिने वीस अंश सेल्सियसला असते, कारण मीटरभर पोलाद एका अंशानं तापलं तरी अकरा-बारा मायक्रॉन वाढतं. बाकीचं घड्याळ बघून सोडून देते. पण इंटरव्ह्यूचं सांगते. मी कॉलेजचं नाव विचारत नाही. समोरच्याच्या हातात व्हर्नियर देते आणि म्हणते, ही पिन मोज. बरेच जण थेट पिन पकडतात. एखादी मुलगी आधी जबडे मिटवून शून्य जुळतंय का ते बघते. ती कुठल्या कॉलेजची ते मला मग विचारावंही लागत नाही. एवढं कळतं की हिच्या हाती कधीतरी, कुणी पाहत नसताना, व्हर्नियर होता.

पालकांनो, पहिल्या रांगेतल्या काकू, तुम्ही मघाशी मला हळूच विचारलंत, लेकीला पुण्यात पाठवू की इथेच ठेवू? पाठवा किंवा ठेवा. पण संध्याकाळी सहानंतर ती लॅबमध्ये थांबली तर दर दहा मिनिटांनी फोन करू नका. मुलाला करत नाही ना? आणि संस्थेचे पदाधिकारी, आपण नव्या इमारतीची चित्रफीत दाखवलीत, सुंदर आहे. येताना मी ग्रंथालयात डोकावले. काचेची कपाटं चकचकीत, आणि प्रत्येकाला कुलूप. मुलांनो, उद्यापासून रोज एकानं जाऊन ग्रंथपालांकडे किल्ली मागायची. ते कंटाळतील. कंटाळू द्या!

विंगेतून खाणाखुणा सुरू झाल्यात, थांबते. फक्त एक जुनं देणं राहिलंय. टी.वाय.ला असताना अशाच एका संध्याकाळी माझ्या हातून डिफ्रॅक्शन ग्रेटिंग पडलं आणि फुटलं. मामांनी ब्रेकेज रजिस्टरमध्ये माझं नाव लिहिलं नाही. काय लिहिलं ते मी आजवर विचारलेलं नाही. आज नवं ग्रेटिंग पर्समध्ये घालून आणलंय. प्राचार्य सर, हे तुमच्याकडे देत नाही, रागावू नका, तुम्ही ते कपाटात ठेवाल. मामा, या इकडे, स्टेजवर या. आणि येताना ते रजिस्टर कुठे आहे तेही सांगा.